बार्नाबेच्या घराण्याचं पहिलं घावन

आन्स-रूज गावात आडनाव विचारणारा माणूस एक तर परगावचा असायचा, नाही तर सरकारी. अर्ध्या गावाचं आडनाव एकच, आणि उरलेल्या अर्ध्याच्या आयांचं माहेर तेच. मग ते विचारून उपयोग काय? इथे माणूस ओळखायचा बापावरून, बाप आज्यावरून, आजा पणज्यावरून. युबाल्द नावाची माणसं गावात पोत्याने होती, पण 'युबाल्द, सिप्रियँचा, गाब्रिएलचा' म्हटलं की तो एकच उरायचा, आणि तोही कुणाकडून तरी दोरखंड उसना घेऊन विसरलेला. ही नावांची साखळी कुठे गुंतली की गाव उठायचं आणि फिलोमेनच्या दारात जायचं.

फिलोमेन, मार्सेलची, फाबियाँची, बेनोनीची. विधवा, साठीच्या उंबरठ्यावरची, अंगाने काटक, जिभेने भरलेली. तिच्या कामाला गावात 'रान काढणं' म्हणत. जंगल तोडून, खुंट उपटून जमीन मोकळी करावी तसं ती नात्यांचं रान काढायची. दोन माणसं समोर बसवली की ही डोळे मिटणार, ओठ हलवणार आणि डोळे उघडून सांगणार: "तुझी पणजी आणि हिचा पणजा सख्खी भावंडं. बसा आता बोंबलत."

बोंबलायचं कारण चर्चचा नियम. वरवधू चौथ्या पिढीत जरी एका रक्ताला मिळाले, तरी लग्नाला बिशपसाहेबांची सूट लागायची. सूट मिळायचीच, बिशप काही दगड नव्हते. पण बर्फातून पत्र जाणार, बर्फातून उत्तर येणार, वर प्रायश्चित्त म्हणून जपमाळा आणि टेकडीवरच्या क्रुसापर्यंत अनवाणी चाल. चर्चमध्ये लग्नाचा पुकारा तीन रविवार होतो, कुणाला हरकत असेल तर उठून सांगावी म्हणून. फिलोमेन नेमकी तिसऱ्या पुकाऱ्याला उठायची. पहिल्याला का नाही, असं कुणी विचारलं की म्हणायची, "खात्री करून घेत होते." खरी गोष्ट अशी की पहिल्या पुकाऱ्याला निम्मं गाव झोपलेलं असतं.

असाच एक पुकारा तिने तीसेक वर्षांपूर्वी अडवला होता, ओझीतचा. ओझीतचं लग्न उपवासकाळाच्या तोंडावर ठरलेलं, डुक्कर कापून झालेलं, आणि फिलोमेन उठली: "फादर, चौथी पिढी." उपवासकाळात चर्च लग्न लावत नाही, तेव्हा लग्न थेट ईस्टरनंतर गेलं. डुक्कर थोडंच थांबणार? पाहुणे आले, सहानुभूती दाखवत ते खाऊन गेले. ईस्टरनंतरच्या खऱ्या लग्नात लोकांना वाटाण्याचं सूप मिळालं. ओझीत हे विसरली नव्हती. यूझेबशी तिचा संसार उत्तम झाला, मुलं झाली, नातवंडं झाली; पण डुक्कर राहिलं ते राहिलंच.

फिलोमेनचा रुबाब नुसत्या स्मरणशक्तीचा नव्हता. ती बार्नाबेच्या थोरल्या शाखेची होती. बार्नाबे म्हणजे समुद्रापलीकडच्या फ्रान्सच्या प्वातू प्रांतातून दुसऱ्या जहाजाने आलेला मूळ पुरुष. बरोबर एक गाय आणि भयंकर तापट स्वभाव घेऊन आलेला. पहिल्या जहाजातली माणसं एका हिवाळ्यात मेली तरी किंवा परत तरी गेली, तेव्हा दुसरं जहाज हेच पहिलं, असा गावचा हिशेब. गाय कधीच संपली. स्वभाव अजून पुरतोय. बार्नाबेच्या वंशात पुढे शार्ल झाला. इंग्रजांनी घरं जाळून गावच्या लोकांना जहाजांत कोंबलं, त्या थोरल्या उलथापालथीतून जो जंगलात पळून वाचला तो हा शार्ल. त्याचे दोन मुलगे: थोरला बेनोनी, धाकटा प्रुदाँ. फिलोमेन बेनोनीची. ओझीत प्रुदाँची.

आणि म्हणून दर वर्षी मेणबत्त्यांच्या सणाला, जेव्हा घरोघरचं पीठ, अंडी, लोणी गोळा करून एका घरी अख्खं गाव जेवतं, तेव्हा तव्यावरचं पहिलं घावन थोरल्या शाखेला, म्हणजे फिलोमेनला. काकवी घालून. सगळ्यांच्या देखत. ते ती फार सावकाश खायची.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर तेओतीम तिच्या चुलीचं धुराडं दुरुस्त करायला आला.

तेओतीम हा ओझीतचा थोरला भाऊ. विधुर, कपाटाएवढा, बोलायला मंद. धुराडं दुपारी दुरुस्त झालं. फिलोमेनने कोंबडीचा फ्रिको, म्हणजे दाट रस्सा, केला होता म्हणून तो बसला. दुसऱ्या दिवशी धुराडं नीट चाललंय का ते बघायला आला. मग महिनाभर बघतच होता.

"एवढं काय बघतोस त्या धुराड्यात?" शेवटी फिलोमेननेच विचारलं.

"धुराड्यात नाही," तेओतीम म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

एकच अडचण होती. त्याचा मुलगा आल्सीद मॅसॅच्युसेट्सला बुटांच्या कारखान्यात होता. त्याने बापाला कायमचं बोलावलं होतं आणि तिकीटही पाठवलं होतं, राखेच्या बुधवारनंतरच्या गुरुवारचं. तेओतीमने कळवून टाकलं होतं: उपवासकाळ सुरू व्हायच्या आत माझं लग्न झालं तर इथेच राहतो, नाही तर गुरुवारी निघतो. आणि तो अशा जातीचा माणूस होता की एकदा तोंडातून शब्द गेला की स्वतःचं नुकसान करूनही तो पाळणार. साठीचा माणूस तिकडे नातवंडांत अडकला की परत येतो तो पेटीतून, हे फिलोमेनने पुष्कळ पाहिलं होतं. त्यात त्या वर्षी उपवासकाळाला भलतीच घाई झाली होती. मेणबत्त्यांचा सण रविवारी, आणि लगेच त्याच बुधवारी राख, म्हणजे उपवास सुरू. त्या रविवारी तिसरा पुकारा, मंगळवारी लग्न. मध्ये एक सोमवार, तोही बर्फाचा.

आता, तेओतीम आपला चौथ्या पिढीतला लागतो हे फिलोमेनला माहीत नव्हतं का? अख्ख्या किनाऱ्याची नाती पाठ असलेल्या बाईला? माहीत होतं. फ्रिकोच्या दुसऱ्या वाटपातच तिने मनात मोजून टाकलं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं की माणसाने इतकं मोजू नये. एवढी वर्षं दुसऱ्यांची रानं काढली. आपल्या दारात चार खुंट राहिले तर राहू देत. गावात एवढं मोजता येणारी दुसरी एकच बाई होती. पहिल्या पुकाऱ्याला ती बाई गप्प बसली. दुसऱ्यालाही बसली.

'खात्री करून घेत असेल,' असं फिलोमेनच्या मनात आलं.

तिसऱ्या रविवारी फादर आँसेल्मनी पुकारा वाचून संपवला आणि वर पाहिलं, तर ओझीत आधीच उभी. तिच्या टोपीवरचं पीस थरथरत होतं, रागाने नव्हे, सुखाने.

"फादर, हरकत आहे."

सगळं चर्च जागं झालं. मागच्या बाकांवरून माना लांब झाल्या. ओझीतने दोन्ही हात वर केले. "हा डावा हात माझ्या भावाचा. तेओतीम, लोराँचा, इलारियाँचा, प्रुदाँचा. हा उजवा हात तुमच्या आमच्या लाडक्या फिलोमेनचा. फिलोमेन, मार्सेलची, फाबियाँची, बेनोनीची. चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे. आणि प्रुदाँ नि बेनोनी कोण? शार्लचे मुलगे, सख्खे भाऊ!" तिने दोन्ही अंगठे एकमेकांवर आपटले. "चौथी पिढी. हवं तर पुन्हा मोजते. मला घाई नाही. घाई कुणाला आहे ते सगळ्यांना माहीत आहे."

फिलोमेनने सवयीने चूक शोधली. एक नाव पुढेमागे नाही. काम स्वच्छ होतं. शिकवलं कुणी? तिनेच.

फादर आँसेल्म गावात नवे होते. तीन हिवाळे झाले होते त्यांना. त्यांनी कपाळावर हात ठेवला. "फिलोमेनबाई, हे खरं आहे?"

चर्चमध्ये खोटं बोलायची तिची तयारी नव्हती. "मोजणी बरोबर आहे, फादर."

"मग बिशपसाहेबांना पत्र लिहावं लागेल. या बर्फात उत्तर यायला दोन आठवडे, कदाचित तीन. म्हणजे लग्न ईस्टरनंतर."

"डुक्कर कापलं का गं?" ओझीतने गोड आवाजात विचारलं.

चर्चच्या बाहेर ईशान्येचा वारा असा सुटला होता की बायका एकमेकींना धरून उभ्या होत्या. तेओतीम टोपी हातात घेऊन फिलोमेनसमोर आला. त्याचे चार केस वाऱ्याबरोबर मॅसॅच्युसेट्सकडे निघाले होते.

"मी मुलाला शब्द दिलाय," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"द्यायला नको होता."

"ते आता सुचतंय. टोपी घाल आधी. आणि जेवायला चल."

"ओझीतच्या घरी? आज?"

"यंदा सण तिच्याकडे आहे, तर कुठे जायचं? तिथे बस, घावनं खा आणि तोंड उघडू नकोस. तुला जमण्यासारखं आहे."

हे ती मोठ्या आवाजात बोलली आणि चालू लागली. चालता चालता तिला एक जुनी गोष्ट आठवली होती. ओझीत आणि ती फ्रॉकातल्या होत्या तेव्हा एका हंसावरून दोघींचं भांडण झालं होतं. हंस कुणाचा होता देव जाणे. ओझीत ओरडली होती, "तुझा बेनोनी तर—" आणि तिच्या आईने फाडकन तिच्या तोंडावर चापट मारली होती. हंसावरून नव्हे, त्या वाक्यावरून. ते अर्धं वाक्य इतकी वर्षं तसंच पडून होतं. फिलोमेनने उरलेलं अर्धं कधी विचारलं नव्हतं. बार्नाबेच्या थोरल्या शाखेच्या बाईला अशी वाक्यं विचारायची गरज नसते.

आज होती. त्या वाक्यात काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. पण आईने मुलीच्या तोंडावर मारावं असं जे काही बेनोनीबद्दल असेल, ते ऐकल्याशिवाय ती तेओतीमला गुरुवारी जाऊ देणार नव्हती.

ओझीतच्या स्वयंपाकघरात गाव मावत नव्हतं, तरी मावलं होतं. पीठ-अंडी मागत घरोघरी फिरवलेली सणाची फितींची काठी दाराशी उभी, तिच्या फितींवर बर्फ वितळतंय. फिडलवाला चुलीपाशी बोटं शेकतोय. फादर आँसेल्मना खिडकीजवळची चांगली खुर्ची, त्यांच्या शेजारी नव्वदी ओलांडलेले प्लासीदआजोबा, घोंगडीत गुंडाळलेले. फिलोमेन आत आली तशी कुजबुज उठली आणि लगेच बसली.

"आलीस!" ओझीत तव्यावरून म्हणाली. "मला वाटलं डोकं दुखत असेल."

"माझं डोकं? बार्नाबेच्या रक्ताला डोकेदुखी नसते, ओझीत. तुला कुठून माहीत असणार म्हणा, तुमच्यापर्यंत ते पातळ होत आलं."

युबाल्दने आपल्या बायकोला, झेलीला, कोपराने ढोसलं. फिलोमेन बाकावर अगदी मध्यभागी बसली आणि तिने ताटली पुढे केली.

"पहिलं घावन," ती म्हणाली.

ओझीतच्या हातातलं उलथनं थबकलं. पण रीत म्हणजे रीत. तिने पीठ घातलं, घावन उडवलं, झेललं आणि फिलोमेनच्या ताटलीत असं टाकलं की काकवी टेबलाबाहेर उडाली.

फिलोमेनने एक घास तोडला. चावला. गावाने वाट पाहिली.

"जाड झालंय," ती म्हणाली. "तुझा दोष नाही. धाकट्या शाखेचा हात नेहमीच जड. माझी आजी म्हणायची, शार्लने अक्कल बेनोनीला दिली आणि प्रुदाँला बूट दिले."

"फिलोमेनमावशी, सांभाळून," कुणीतरी मागून म्हणालं, पण त्या आवाजात 'चालू दे' असंच होतं.

"खरं तर ओझीत," फिलोमेनने दुसरा घास घेतला, "आज तू माझं लग्न अडवलंस ते बरंच केलंस. विचार करते, थोरल्या शाखेने धाकटीत पडावं का? बार्नाबेने गाय आणली ती थोरल्यांसाठी. तुम्ही लोक शेणापाशी होतात. रक्त बोलतं बाई! हा चेहरा बघ. हे नाक बघ. हे थेट प्वातूहून आलेलं नाक—"

"नाक!" ओझीत ओरडली. तवा तिच्या हातात होता. "प्वातूचं नाक म्हणे! अगं, तुझा बेनोनी तर होडीखाली सापडला होता!"

सगळ्या माना तव्याकडे वळल्या.

"काय म्हणालीस?" फिलोमेनने हळूच विचारलं.

"होडीखाली! पालथ्या होडीखाली, खाजणात, चिखलाने माखलेला! उलथापालथीत कुणाचं पोर कुणाला सापडलं, कुणी मोजलं? शार्लने उचललं, बायकोने उवा काढल्या, वाढवलं. कुणाचं ते देवाला ठाऊक. पुढे वर्षाने प्रुदाँ झाला, तो शार्लचा पहिला खरा मुलगा. थोरली शाखा म्हणे! थोरली होडी!"

फिलोमेनने ताटली खाली ठेवली आणि खुर्चीकडे वळली. "फादर, ऐकलंत?"

फादर आँसेल्म मंद नव्हते. ते अर्धवट उठलेच होते. "ओझीतबाई. हे शपथेवर सांगाल? कारण बेनोनी जर शार्लचा मुलगा नसेल, तर—" त्यांनी स्वतःचीच चार आणि चार बोटं वर केली आणि अंगठे दूर नेले.

तेव्हा कुठे ओझीतच्या ध्यानात आलं. तव्यातलं पुढचं घावन धुरायला लागलं. तिच्या तोंडावरून जे काही गेलं ते पाहायला गावाने पैसे मोजले असते. शपथ घ्यावी तर फिलोमेन मंगळवारी आपली भावजय होते. नाही घ्यावी, तर भर सणाला, स्वतःच्या घरात, फादरसमोर मान्य करायचं की आपण खोटं बोललो आणि फिलोमेनचं नाक प्वातूचं आहे.

"करपलं," तेओतीम म्हणाला. दिवसभरातलं त्याचं घरातलं पहिलं वाक्य.

ओझीतने करपलेलं घावन खरवडून बाजूला काढलं. मग ती थांबली. त्या काळ्या घावनाकडे तिने पाहिलं, फिलोमेनच्या ताटलीतल्या अर्ध्या उरलेल्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा हळूहळू उजळायला लागला.

"म्हणजे," ती म्हणाली, "प्रुदाँ थोरला."

"तसंच झालं," फिलोमेन म्हणाली.

"म्हणजे पहिलं घावन आमचं."

"दर वर्षी."

"तू आज खाल्लंस ते—"

"अर्धं राहिलंय. घे." फिलोमेनने ताटली दोन्ही हातांनी पुढे केली. सात पिढ्यांचा बार्नाबे, त्याची गाय, त्याचं जहाज आणि प्वातूचं नाक, सगळं त्या ताटलीत काकवीत बुडलेलं होतं. एक मूळ पुरुष जमेतून गेला आणि एक नवरा आला. मूळ पुरुषाने कधी तिचं धुराडं बघितलं नव्हतं.

ओझीतने ताटली घेतली. "शपथ घेते, फादर! माझ्या आजीने मला सांगितलं, तिला तिच्या सासूने. प्लासीदआजोबा, तुम्ही बोला, तुम्हाला तर माहीत असेलच!"

प्लासीदआजोबांनी घोंगडीतून तोंड काढलं. "होडी ना? कुणाला माहीत नाही?"

"सगळ्यांना माहीत होतं?" फिलोमेन उभी राहिली. हे मात्र तिच्या हिशेबात नव्हतं.

"म्हाताऱ्यांना होतं."

"मी चाळीस वर्षं तुमच्या मुलांची लग्नं अडवत होते त्या बेनोनीवरून! मग एकजण बोलला का नाहीत?"

म्हाताऱ्याने घोंगडी सारखी केली. "बोललो असतो तर बार्नाबे गेला असता ना आमचा. मीसुद्धा बेनोनीचाच, आईकडून. त्यापेक्षा दोन आठवडे थांबलेलं परवडतं. जपमाळेला काय लागतं?"

हे ऐकलं आणि अख्खं स्वयंपाकघर एकदम मोजायला लागलं. हात वर, बोटं वर, प्रत्येकजण दुसऱ्याच्या बोटांवर ओरडतोय.

"थांबा, थांबा!" युबाल्द बाकावर चढला. "माझी आणि झेलीची सूट बेनोनीवरून होती! फादर, मी त्या क्रुसापर्यंत अनवाणी गेलो होतो. मार्चमध्ये! अंगठ्याचं नख अजून नीट नाही."

"ती चाल देवाने जमा करून घेतली असेल," फादर म्हणाले.

"कशावर जमा? पाप नव्हतंच तर! मला ती पुढच्या पापाला चालेल का?"

"म्हणजे मी तुझी कुणी लागत नाही?" झेली खालून ओरडली. "इतकी वर्षं मी परक्या पुरुषाचे मोजे धुतेय?"

हसून हसून फिडलवाला चुलीवर टेकला आणि किंचाळून उठला. बेनोनीवाले एका भिंतीला, प्रुदाँवाले दुसऱ्या. पण निम्म्यांना दोन्हीकडे आज्या, ते मध्ये धावतायत. फादरनी खुर्चीत बसून तोंडावर रुमाल धरला होता. ते रडत नव्हते.

आणि या गोंधळात ओझीतचा आवाज आला, असा की सगळे गप्प झाले.

"यूझेब!"

कोपऱ्यात तिचा नवरा, यूझेब, निवांत फ्रिको खात होता.

"यूझेब, तू कुणाचा?"

"मी? दामियँचा, फाबियाँचा, बेनोनी..." यूझेबचा चमचा थांबला. "...चा."

ओझीत तवा घेऊन फिलोमेनकडे वळली. "म्हणजे माझ्या लग्नालाही हरकत नव्हती."

"नव्हती," फिलोमेन म्हणाली.

"तू माझं लग्न उगीच अडवलंस."

"मला काय माहीत? तुला तर माहीत होतं! तेव्हाच का नाही उठलीस?"

"कशी उठणार? सासऱ्यासमोर? 'तुमचा आजा होडीखाली सापडला' म्हणून? लग्नच मोडलं असतं!" ओझीतच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हसूही आलं, आणि कुठलं आधी सांडेल ते तिलाच कळेना. "माझं डुक्कर, फिलोमेन! एवढं मोठं डुक्कर! सगळ्यांनी खाल्लं!"

"कान मी खाल्ले होते," फिलोमेन म्हणाली. "कुरकुरीत होते."

ओझीतने उलथनं उगारलं. मग ते तसंच हवेत ठेवून ती हसायला लागली, आणि हसता हसता फिलोमेनच्या खांद्यावर कोसळली. फिलोमेनच्या काळ्या झग्यावर पिठाचे दोन पंजे उमटले. तेओतीमने दोघींकडे पाहिलं, धोका टळल्याची खात्री केली आणि एक घावन घेतलं.

मंगळवारी लग्न झालं. सोमवारी फिलोमेनने आपलं डुक्कर कापलं, आणि जेवणाच्या टेबलावर पहिलं पान वधूचं नव्हे, ओझीतचं मांडलं. कान तिलाच वाढले. ओझीतने ते इतके सावकाश खाल्ले की फिलोमेनला कुणाची तरी आठवण झाली.

पण त्याआधी, चर्चमधल्या छोट्या खोलीत, सही करायच्या वेळी एक क्षण अडला होता. फादर लेखणी घेऊन बसले होते, आणि गावच्या रीतीप्रमाणे वरवधूंनी आपापली साखळी सांगायची होती. तेओतीमने आपली सांगितली, शार्लपर्यंत, थेट बार्नाबेपर्यंत, आणि सांगताना त्यालाच लाज वाटल्यासारखी झाली.

"फिलोमेन," ती म्हणाली, "मार्सेलची. फाबियाँची. बेनोनीची."

आणि थांबली. इथून पुढे तिची जीभ आपोआप शार्लवर जायची. तिथे आता वाट नव्हती. नुसतं खाजण, भरतीचं पाणी आणि एक पालथी होडी. त्या होडीखाली चिखलात बसलेलं कुणाचं तरी पोर. बाहेर घरं जळताना त्याने काय ऐकलं असेल, कुठल्या बाईने त्याला तिथे सरकवलं असेल, 'गप्प बस' म्हणून सांगितलं असेल, आणि ती बाई परत का आली नसेल? एवढ्या नात्यांचं रान काढलं, पण त्या बाईचं नाव फिलोमेनला कधीच मिळणार नव्हतं. तेओतीमचा जाडजूड हात तिच्या कोपराशी आला.

"पुढे?" फादरनी हळूच विचारलं.

फिलोमेनने मान वर केली.

"होडीची," ती म्हणाली. "लिहा, फादर. मार्सेलची, फाबियाँची, बेनोनीची, होडीची."

फादरनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई नमली. ईस्टर यायच्या आधीच आन्स-रूजमधले निम्मे लोक स्वतःला होडीचे म्हणवून घ्यायला लागले होते, आणि फिलोमेन दुकानात मीठ घेताना सांगत होती की त्या काळी एवढ्या मजबूत होड्या इथे कुणी बांधतच नव्हतं; एका लेकराला झाकून अख्खी उलथापालथ वरून जाऊ दिली, म्हणजे ती होडी साधी नसणार. लाकूड बहुधा फ्रान्सचंच.

"कुठल्या जहाजातून आलं असेल मग?" दुकानदाराने विचारलं.

फिलोमेनने डोळे मिटले, ओठ हलवले.

"पहिल्या," ती म्हणाली.